दोघांचा होकार

काका नेहमीप्रमाणे आधी आले. त्यांनी खिडकीचा पडदा अर्धा ओढला, सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसला, संगणक सुरू केला आणि आपले वर्तमानपत्र घडी करून खणात ठेवले. मग ताई आल्या. त्यांनी पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवली, पडदा पुन्हा पूर्ण उघडला आणि आपले वर्तमानपत्र आपल्या खणात ठेवले. दोन्ही वर्तमानपत्रांत आदल्या दिवशीच्या एकाच सभेचे छायाचित्र होते. एकात मैदान तुडुंब भरलेले होते, दुसऱ्यात अर्धे रिकामे.

"गुडघा कसा आहे, काका?"

"दुखतोय. त्याचंही खापर आमच्या लोकांवर फोडा आता."

"मग रस्त्यातले खड्डे काय आमच्या लोकांनी खणले?"

एवढे बोलून दोघे कामाला लागले.

नागरिकांच्या बहुतेक प्रश्नांना शहराच्या सेवेतला चॅटबॉट आपण होऊन उत्तरे देई. प्रश्नाला राजकारणाचा वास आला की मात्र तो या खोलीकडे पाठवी. चॅटबॉट एका बाजूला झुकू नये, म्हणून सत्ताधाऱ्यांना मानणारा एक आणि विरोधकांना मानणारा एक असे दोघे मुद्दाम निवडून इथे शेजारी बसवले होते. मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा होता. कामाबद्दल एकमेकांशी बोलायचे नाही, हा नियम होता. उत्तराच्या मसुद्याला दोघांचा होकार मिळाला तरच ते बाहेर जाई. एरवी यंत्र क्षमा मागून गप्प बसे. ते बहुधा गप्पच बसे. कचेरीत या टेबलाला विळा-भोपळा म्हणत. आपण भोपळा आहोत, हे दोघांपैकी कोणालाच मान्य नव्हते.

पहिला चहा संपायच्या आत तो प्रश्न आला. रंगाच्या कारखान्यामागच्या वस्तीतून कोणी बाई विचारत होती : 'कालपासून नळाला पिवळं पाणी येतंय. माझं बाळ वरचं दूध पितं. दुधाची पावडर या पाण्यात कालवली तर चालेल का?'

त्या कारखान्यावरूनच निवडणूक लढवली जात होती. यंत्राने दोन मसुदे पुढे केले. पालिकेच्या चाचणीनुसार पाणी शुद्ध आहे, हा एक; नागरिक संघटनेच्या चाचणीनुसार ते दूषित आहे, हा दुसरा. काकांनी पहिल्याला होकार दिला, ताईंनी दुसऱ्याला. यंत्राने त्या बाईला कळवले, 'क्षमस्व. या विषयावर मी मत देऊ शकत नाही.'

थोड्याच वेळात ती परत आली. 'मत नकोय हो मला. दूध कालवू की नको, एवढंच सांगा.'

काकांनी पहिला मसुदा निवडला, ताईंनी दुसरा. यंत्राने पुन्हा क्षमा मागितली.

तिसऱ्यांदा तिने एकच ओळ लिहिली होती. 'बाळ रडतंय. उकळून देते मग.'

ताईंचा हात बटणावर गेला नाही.

"उकळून?" त्या मोठ्याने म्हणाल्या. "कारखान्याचा रंग उकळून जातो होय?"

"ताई, बोलायचं नाही."

"तुम्ही पण वाचलंत ना?"

काकांनी मान उंचावली. मग आडोशावरून त्यांचा चष्मा वर आला. "पालिकेनं तपासलंय ते पाणी. शुद्ध आहे."

"कधी तपासलंय?"

काकांनी मसुद्याखालचा अहवाल उघडला. आजवर तो उघडण्याची त्यांना गरज भासली नव्हती. त्यांनी तारीख शोधली. "गेल्या महिन्यात," ते म्हणाले. "आणि तुमच्या संघटनेनं?"

ताईंनी दुसरा अहवाल उघडला. त्यांनीही तो आधी कधी उघडला नव्हता. "त्यांनी नळाचं नाही तपासलेलं," त्या सावकाश म्हणाल्या. "कारखान्यामागच्या नाल्यातलं पाणी घेतलंय."

"म्हणजे कालपासूनच्या त्या पाण्यात काय आहे, ते तुम्हालाही ठाऊक नाही."

"आणि तुम्हालाही नाही."

"कबूल. मग तेच सांगू या तिला."

स्वतः उत्तर लिहिण्याची चौकट पहिल्या दिवसापासून दोघांच्याही समोर होती. परंतु त्या उत्तरालाही दोघांचाच होकार लागे, म्हणून तिच्या वाटेला कोणी गेले नव्हते. काका खुर्ची ओढून ताईंच्या बाजूला आले. ताई टाइप करू लागल्या : 'पाणी पिवळे झाल्यापासून तुमच्या नळाचे पाणी कोणीही तपासलेले नाही. पालिकेची चाचणी त्याआधीची आहे. संघटनेची चाचणी नाल्याच्या पाण्याची आहे. तपासणी होईपर्यंत हे पाणी बाळाला देऊ नका. उकळल्याने त्यातले रंग आणि रसायने जात नाहीत. पालिकेच्या निष्काळजीपणामुळे—'

"हे काढा."

"का? खोटं आहे?"

"ते सभेत बोला. तिला दूध कालवायचंय."

ताईंनी ती ओळ खोडली. काकांनी पाणीपुरवठा विभागाचा क्रमांक सांगितला आणि पुढे घालायला लावले : 'टँकर मागा आणि नळाची तपासणी आजच करायला सांगा. हा तुमचा हक्क आहे.'

"तुमचे लोक चिडतील हं," ताई म्हणाल्या.

"तुमचे काय हार घालणारेत?"

काका जागेवर परतले. दोघांनीही उत्तर पुन्हा एकदा शेवटपर्यंत वाचले, आणि होकार दिला. उत्तर गेले.

लगेच टेबलावरचा फोन वाजला. वरच्या मजल्यावरून विभागप्रमुख बोलत होते. "तुमच्या टेबलावरून दोघांचा होकार दिसतोय! चुकून दाबलं गेलं का?"

"नाही साहेब," काका म्हणाले. "वाचून दाबलंय."

त्यांनी फोन ठेवला तेव्हा ताई पुढचा प्रश्न मोठ्याने वाचू लागल्या होत्या.