हवेचं छत

"मॅडम, तुमचा दिवा हिरवा आहे, पण आमच्या खिचडीच्या चुलीचा धूर जमिनीवरूनच सरपटतोय." शाळेतून सोनवणे गुरुजींचा फोन होता.

हेमलताच्या हातातला चहा तसाच राहिला. नऊ वाजायला सात मिनिटं होती. धूर खाली दाबून धरणारं हवेचं छत उन्हाने वर गेलं की दिवा हिरवा होई, खोऱ्यातल्या शाळांच्या खिडक्या आपोआप उघडत आणि नऊच्या भोंग्याला कारखान्यांची धुराडी धूर सोडू लागत. त्या छताचा अंदाज बांधणारा प्रोग्राम तिनेच लिहून जगाला फुकट दिला होता. कुणीही उघडावा, तपासावा, सुधारावा.

तिने प्रोग्राममधला जमिनीचा नकाशा उघडला. त्यात शाळेच्या भोवती अजून माळरानच होतं, सकाळच्या उन्हात झटकन तापणारं. प्रत्यक्षात तिथे धरणाचं पाणी येऊन दोन वर्षं झाली होती. गार पाण्यावरचं छत इतक्या लवकर उठणारच नव्हतं. तीनशे खोऱ्यांत हा प्रोग्राम चालत होता, आणि दुसऱ्या कुणीतरी तपासला असेल, असं जो तो धरून चालला होता. तीसुद्धा.

"गुरुजी, आधी खिडक्या लावा!"

"हिरव्या दिव्यात त्या लागत नाहीत हो."

तिने घाईघाईने नकाशावरचा माळ पुसून तिथे पाणी भरलं. पडद्यावर अक्षरं उमटली: 'आणखी एका जाणकाराची संमती हवी.' कारखानदारांनी एखाद्याला फितवू नये, म्हणून हा नियम तिनेच घातला होता. तिने अकरा जणांना निरोप धाडले. एकानेही पाहिला नाही.

"मॅडम," गुरुजी म्हणाले, "भोंगा झाला."