तीन वर्षांची वॉरंटी

"एक वर्साची वॉरंटी कंपनीच देती, अप्पा. वर पाच हजार भरले तर आणखी दोन वर्सं वाढती," भरतेश म्हणाला आणि छापील कागद त्याने काचेवरून पुढे सरकवला.

जिनपालअप्पांनी चष्मा लावून कागद उलटसुलट पाहिला. सांगलीतल्या या दुकानात ते पहिल्यांदाच आले होते, पण भरतेशच्या वडिलांशी हळदीच्या बाजारातली जुनी ओळख, म्हणून खुर्चीवर जरा ऐसपैस बसले होते. शेजारी त्यांची लेक कीर्ती उभी होती. लॅपटॉप तिने पाच मिनिटांत पसंत केला. घोडं अडलं होतं ते या वाढीव वॉरंटीवर.

अप्पांचं मत साधं होतं. ज्या वस्तूवर बनवणाऱ्याचाच विश्वास एक वर्षाचा, ती घ्यावीच कशाला? ट्रॅक्टर त्यांनी अठरा वर्षं चालवला, तो काय वॉरंटीच्या जिवावर? एरवी त्यांनी तो कागद हसून परत केला असता. पण आज त्यांना त्या कागदावरून वेगळंच काही जाणून घ्यायचं होतं.

सहा महिने झाले, त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती. कीर्ती सत्तावीस वर्षांची. पुण्याच्या कंपनीचं काम कुंडलला घरी बसून करायची. दिवाळीनंतर तिने एकाएकी नोकरी सोडली आणि कंपनीचा लॅपटॉप परत केला. दोन चांगली स्थळं फोटोही न बघता नाकारली. ठेवणीतल्या साड्या चुलतबहिणींना वाटून टाकल्या. जेवण दिवसातून एकदाच घेऊ लागली. पण तिची आई चंदनबाला बारा महिने कसला ना कसला उपास करायचीच, तेव्हा त्याचं घरात कुणाला नवल वाटलं नाही. मग एका आठवड्यात ती सगळ्या आत्या-मावश्यांच्या घरी जाऊन पाया पडून आली. काय चाललंय म्हणून विचारलं की, "सांगते अप्पा, जरा थांबा," एवढंच उत्तर.

अप्पा काही दूधखुळे नव्हते. शेजारच्या कृष्णातची शिवांजली जर्मनीला गेली, तेव्हा तिनेही अगदी असंच केलं होतं. विमानात सामान मोजून नेतात म्हणून कपडे वाटले, सगळे नातेवाईक गाठले, आणि जायच्या आठ दिवस आधी घरी सांगितलं. आता शिवांजलीची आई लेकीला मोबाइलमध्ये बघते आणि बोलणं संपलं तरी फोन हातात धरून बसून राहते. अप्पांना ते बघवत नसे. लेकीने लग्न करावं, न करावं, नोकरी करावी, न करावी. फक्त हाकेच्या अंतरावर असावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. ते तोंडाने मागायचं मात्र धाडस होत नव्हतं.

म्हणून त्यांनी आडून विचारलं, "भरतेश, ही वाढीव वॉरंटी भाईरच्या देशात चालती का रं?"

"न्हाई अप्पा. हितंच. भारताच्या भाईर गेलं की कागद फुकट."

अप्पांनी हळूच लेकीकडे पाहिलं. परदेशी जाणारी पोर आता म्हणणार, मग कशाला उगीच पैसे घालवायचे. पण कीर्तीने कागद स्वतःकडे ओढला आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागली. स्क्रीन फुटली तर काय, चार्जर जळला तर काय, असं एकेक विचारत गेली. भरतेश उत्तरं देत होता. अप्पा श्वास रोखून ऐकत होते.

"आणि लहान पोरानं वर दूध सांडलं तर?" तिने विचारलं.

तेही धरलंय, भरतेश म्हणाला. अप्पांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. लहान पोर! म्हणजे स्थळं नाकारणाऱ्या या मुलीच्या मनात संसार आहे तर. आणि त्यावर कडी म्हणजे, बिघाड झाला तर दुरुस्तीला माणूस कुंडलला घरी येईल का, हेही तिने खुंटा हलवून बळकट केल्यासारखं दोनदा विचारलं. दोन दिवसांत येतो, असं भरतेशने सांगितलं.

"मग तीन वर्सांचीच घेऊ या, अप्पा," कीर्ती म्हणाली.

अप्पांचा जीव भांड्यात पडला. तीन वर्षं लेक घरात, डोळ्यांसमोर. त्यांना एकदम हसू येऊ लागलं आणि डोळेही भरून आले. लॅपटॉप तिच्या साठवलेल्या पैशांतून घ्यायचं ठरलं होतं, पण वॉरंटीचे पाच हजार मीच देणार म्हणून ते हटून बसले. आयुष्यात इतक्या आनंदाने त्यांनी कुठल्याच दुकानदाराला पैसे दिले नव्हते. सहा महिने उगाच जिवाला घोर लावून घेतला, म्हणून स्वतःचा रागही आला. घरी जाताना पेढे घ्यायचं त्यांनी मनात ठरवून टाकलं.

"बिल कुणाच्या नावानं करू?" भरतेशने विचारलं.

"दीपाली अतिशय मगदूम," कीर्ती म्हणाली.

दीपाली म्हणजे अप्पांची सून, कीर्तीच्या भावाची, अतिशयची बायको. दोन वर्षांच्या नातवाला सांभाळून घरबसल्या करण्यासारखं काम शोधत होती. अप्पांना वाटलं, पोरगी घाईत चुकली.

"अगं, वापरणार तू आन् नाव वहिनीचं कशाला? तुझंच घाल की."

कीर्तीने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. भरतेशचा बिल करणारा हात थांबला.

"मला दीक्षा घ्यायचीय, अप्पा," ती हळू आवाजात म्हणाली. "साध्वी झालं, आर्यिका झालं की सोताचं असं काही ठेवता येत न्हाई. दीक्षा देणाऱ्या माताजींनी होकार दिलाय. आता तुमची परवानगी तेवढी राहिलीय."