दाबलेलं बटण

डाव्या इंजिनाला आग लागली की डावं बटण दाबावं आणि विझवणारा फवारा मात्र उजव्यावर उडावा, अशा उलट्या तारा त्या विमानात कुणीतरी जोडून ठेवल्या होत्या, आणि मागच्या आगीत वैमानिक बटण दाबतच होरपळून गेला होता. तारवालीने त्या सरळ केल्या, दोन्हीकडे फवाऱ्याच्या बाटल्यांऐवजी चाचणीचे दिवे लावले आणि कॉकपिटमध्ये बसलेल्या म्हाताऱ्या मेकॅनिकला हाक मारली.

"मामा, डावं दाबा!"

दिवा डावीकडेच लागला. तिचा जीव भांड्यात पडला.

"झालं, सोडा आता."

दिवा विझेना.

"मामा, सोडा म्हणते ना!"

"पोरी, मी केव्हाच सोडलंय."

"मग अडकलं असेल. ओढून बघा जरा."

वरून ओढाताणीचा आवाज आला.

"ओढतोय गं," मामा कसेबसे म्हणाले, "पण बटणावर कुणाचं तरी बोट आहे. दिसत नाही. नुसतं पोळतंय."