वाक्याचा कर्ता

दवाखान्यात पडलेल्या सहकाऱ्याचीही शिफ्ट करून वडील घरी आले आणि कपडे न बदलताच मुलीशेजारी बसले. परवा यंत्रावर त्यांना डुलकी लागली, हात बटणावर पडला आणि सहकाऱ्याची बोटं चिरडली. कोणी पाहिलं नव्हतं. कंपनीला जबाब इंग्रजीत लिहून द्यायचा होता. खरं लिहिलं तर नोकरी जाणार होती. त्यांनी लिहिलेला कागद मुलीने तपासला. “‘प्रेस’ नाही, बाबा, ‘प्रेस्ड’. होऊन गेलंय ना? आणि हा ‘ही’, म्हणजे ‘तो’, कोण?” “दवाखान्यातले काका.” “स्वतःची बोटं आत असताना काकांनीच बटण दाबलं?” वडील बराच वेळ डोळे चोळत राहिले. मग त्यांनी खोडरबर घेतलं, ‘ही’ पुसलं आणि ‘आय’ लिहिलं. “आता बरोबर?” मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. “बरोबर. फक्त हा ‘आय’ नेहमी मोठा काढतात, बाबा.” वडिलांनी तो गिरवून मोठा केला आणि तिथेच टेबलावर डोकं टेकलं.