खिंडार पडलं त्या दुपारी

दुपारी मास नदीकडच्या तटबंदीला खिंडार पडलं आणि राजाची फौज गावात घुसली. मेख्तेल आणि तिचे म्हातारे सासरे गॉस्वीन स्वयंपाकघरात बसून गल्लीतली दारं फुटताना ऐकत होते. मग त्यांचंच दार फुटलं.

आत आला तो एकटाच शिपाई. अंगभर चिखल, छातीवर फौजेचा लाल पट्टा. मेख्तेलनं सुरी उचलली. त्यानं सुरीकडे पाहिलं, बंदूक भिंतीला टेकवली आणि मटकन बाकावर बसला.

"बाई, प्यायला काही आहे का?"

बोली इथलीच होती, नदीच्या वरच्या अंगाची.

"इकडचाच आहेस, आणि आमच्यावर चालून आलास?" मेख्तेलनं विचारलं.

"मागून ढकलत होते. खिंडारात माझ्या पुढचे सगळे पडले. मी कसा चढलो, मलाच कळलं नाही."

एका हातात सुरी तशीच धरून मेख्तेलनं त्याच्यापुढे बिअरचा पेला ठेवला. त्यानं तो एका दमात रिकामा केला.

"मी आहे तोवर दुसरं कुणी येणार नाही," तो म्हणाला. "घरात आधीच एक शिपाई बसला असेल तर..." पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं. डोकं टेबलावर टेकलं आणि तो घोरायला लागला.

"सुरी हातातच आहे तुझ्या," गॉस्वीन कुजबुजले. "यानं आपली माणसं मारलीत."

"मारली असतील, मामंजी." मेख्तेल त्याच्या उघड्या मानेकडे बघत राहिली.

बाहेर बूट वाजले. तिनं शिपायाला गदागदा हलवलं. तो उठेना. तेव्हा सुरी टेबलावर टाकून ती स्वतःच मोडक्या दारात जाऊन उभी राहिली. समोर कुऱ्हाडी घेतलेले दोघे.

"हळू बोला," ती म्हणाली. "घर तुमच्या माणसानं घेतलंय. त्याची झोपमोड झाली तर तो माझ्यावर उखडेल."

त्यांनी आत डोकावलं. लाल पट्टा, बंदूक, उघड्या तोंडाचं घोरणं.

"मजा आहे गड्याची," एक जण हसला, आणि दोघे पुढं निघून गेले.

मेख्तेल उंबऱ्यावरच बसली. त्यांचे बूट गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत ऐकत राहिली. मग ती उठली. शिपायाची मान टेबलाच्या कडेवर वाकडी झाली होती. डोक्याखाली उशी सरकवावी म्हणून ती पुढं झाली, तर गॉस्वीननी तिचा हात धरला.

"राहू दे तसाच. गल्लीत ऐकू जाऊ दे. मान सरळ झाली तर घोरणं थांबेल."