कुरडयांचं ऊन

"व्हिटॅमिन डी कमी आहे, म्हणून केस गळतायत. रोज थोडं ऊन घेत जा," असं डॉक्टरीणबाईंनी सुनेला सांगितलं आणि घर येईपर्यंत रिक्षात सगुणाबाईंचं तोंड काही मिटलं नाही. "ऊन कमी पडलं म्हणे! सोलापुरात! उद्या म्हणतील धुरळा कमी पडला, तोळाभर विकत आणा."

घरी येऊन रेणुकानं केस विंचरले. फणीत निघालेला गुंता ती गुपचूप बोटाला गुंडाळत राहिली. लग्नात कमरेखाली लोळणारा तिचा शेपटा आता उंदराच्या शेपटीला लाजवत होता.

"आत्याबाई, उन्हात जाऊ नको, रंग उतरेल, असं तुम्हीच म्हणता ना?"

"मग? एवढी गोरी बघून आणली, ती काय करपवायला? आणि उन्हाला गच्चीवर कुरडया आहेत की."

"म्हणजे ऊन कुरडयांना लागतं, सुनेला नाही."

सगुणाबाई डोक्यावरचा पदर पुढे ओढून गच्चीवर कुरडया उलटायला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुरडया बाजूला सारून गच्चीवर चटई टाकली, सुनेला हाताला धरून बसवलं आणि स्वतःही शेजारी टेकल्या. मग पहिल्यांदाच तिच्यादेखत त्यांनी डोक्यावरचा पदर खाली घेतला. मागे सुपारीएवढा अंबाडा होता आणि पुढचं निम्मं डोकं उघडं पडलेलं.

रेणुका बघतच राहिली.

"बघतेस काय? माझ्या सासूलाही गोरीच सून हवी होती," सगुणाबाई म्हणाल्या. "आता सरक जरा. माझ्यावर तुझी सावली पडतीय."