गेथिनचा घास

एक मार्चला, आमच्या वेल्सचा संत सेंट डेव्हिड याच्या दिवशी, पलटणीतल्या सर्वांत नव्या शिपायाने खुर्चीवर पाय ठेवून कच्ची लीक खायची, आणि शेवटचा घास घशाखाली उतरेपर्यंत ताशा थांबवायचा नाही, ही आम्हा वेल्श फौजींची जुनी रीत. लीक म्हणजे कांद्याच्या पातीची थोरली बहीण, मनगटाएवढी जाड. गावच्या सभागृहात त्या दिवशी सैनिकांच्या घरच्यांना जेवण असतं, तिथेही आम्ही ही रीत पाळतो. ताशा माझा, सत्तरी उलटली तरी दुसऱ्याला हात लावू देत नाही. यंदाचा नवा शिपाई गेथिन मात्र नाताळापासून दूर मोहिमेवर होता. लीक ताटात तशीच पडून. तेवढ्यात त्याची आई नेस्टा उठली. "आणा इकडे! लहानपणापासून रश्श्यातली लीक हा पठ्ठ्या माझ्याच ताटात ढकलत आलाय. आजचीही मीच खाते." हशा पिकला. तिने खुर्चीवर पाय रोवला, माझा ताशा तडतडू लागला, आणि तिने कराकरा चावून लीक फस्त करत आणली. बोटभर तुकडा उरला तशी थांबली. "गिळ की गं, म्हाताऱ्याचे हात गळून पडतील!" कुणीतरी ओरडलं. तिने तुकडा रुमालात गुंडाळला. "हा गेथिनचा. घरी आल्यावर तोच खाईल. तोवर ताशा थांबवायचा नाही, इद्वलकाका." मी वाजवत राहिलो. हात भरून आले, तेव्हा मागे बसलेल्या एका शिपायाच्या बायकोने टेबलावर चमच्याने ठेका धरला. मग शेजारणीने, मग अख्ख्या सभागृहाने. मी काठ्या खाली ठेवल्या, तरी ताशा काही थांबला नाही.